चौकातला इराणी आणि पायऱ्यांखालचा बर्गर

२० मार्च १९८६ रोजी रोममधल्या पियाझ्झा दी स्पान्या या चौकात मॅकडोनल्ड्सची शाखा उघडली. इटलीतली ही पहिली शाखा नव्हती. आदल्याच वर्षी उत्तरेकडच्या बोल्झानो शहरात एक सुरू झाली होती. रोममध्ये मात्र प्रकरण पेटले. जगभरातले प्रवासी ज्या स्पॅनिश पायऱ्यांवर येऊन बसतात, त्यांच्यापासून काही पावलांवर अमेरिकी बर्गर विकला जाणार ही कल्पनाच अनेकांना सहन झाली नाही. लेखक, नट, वास्तुरचनाकार, नगरसेवक असे नाना प्रकारचे लोक निषेधात उतरले. शेजारीच ज्यांचे मुख्यालय होते ते प्रसिद्ध वस्त्रसंकल्पक व्हालेंतिनो यांनी तळणाचा वास आणि गोंगाट यांच्याविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले. पीमाँत प्रांतातल्या ब्रा या गावचे पत्रकार कार्लो पेत्रिनी आणि त्यांचे सहकारी यांनी लोकांना पेन्ने पास्ता वाटून निषेध नोंदवला, अशी हकीकत पुढे वारंवार सांगितली गेली. या मंडळींच्या हालचालींतूनच ‘स्लो फूड’ चळवळ उभी राहिली. तिचा जाहीरनामा १९८७ साली इटलीत छापला गेला आणि डिसेंबर १९८९ मध्ये पॅरिसला अनेक देशांच्या प्रतिनिधींनी त्यावर सह्या केल्या.

ही कथा आता पाठ्यपुस्तकी झाली आहे. एका बाजूला जुने, संथ, चवदार गाव. दुसऱ्या बाजूला परकी, घाईची, बेचव कंपनी. कथेला नायक आहे, खलनायक आहे, आणि शेवटी जाहीरनामाही आहे. तिच्यात एकच अडचण आहे. ज्या दुकानावरून हे सारे घडले ते बंद पडले नाही. चौक त्याला घेऊन पुढे चालत राहिला. मग निषेध करणाऱ्यांनी नेमके काय वाचवले आणि काय वाचवायचे राहून गेले? साखळी उपाहारगृहांना जुन्या गावांच्या मध्यभागी जागा असावी की नसावी, हा वाद गेली चाळीस वर्षे ठिकठिकाणी होतो आहे. तो बहुधा चुकीच्या प्रश्नावर होतो असे मला वाटते. या लेखात त्या वादाच्या इतिहासातली काही पाने उलटून पाहायची आहेत.

आधी चौकाचीच कुळकथा पाहू. ज्याला आपण ‘अस्सल रोमन’ म्हणतो त्या या चौकाचे नाव तिथल्या स्पॅनिश वकिलातीवरून पडले. १७२३ ते १७२५ या काळात ज्या पायऱ्या बांधल्या गेल्या, त्यांचा पैसा एतिएन गेफिए या फ्रेंच मुत्सद्द्याच्या मृत्युपत्रातून आला, आणि त्या ज्या चर्चकडे जातात तेही फ्रेंचांच्या आश्रयातले. पायऱ्यांच्या कडेच्या घरात १८२१ साली जॉन कीट्स हा इंग्रज कवी क्षयाने वारला. ते घर १९०९ पासून कीट्स-शेलींचे स्मारक म्हणून खुले आहे. पायऱ्यांच्या दुसऱ्या अंगाला बॅबिंग्टन्स ही चहाची खोली आहे. इसाबेल कारगिल आणि ॲना मारिया बॅबिंग्टन या दोन बायकांनी ती १८९३ साली रोममध्ये सुरू केली आणि तीन वर्षांनी या चौकात आणली. कॉफीच्या देशात इंग्रजी चहा! जवळच्या कोंदोत्ती रस्त्यावरचे काफे ग्रेको १७६० साली सुरू झाले असे मानतात. नावच सांगते की त्याचा मूळ मालक ग्रीक होता. तिथे मिळणारी कॉफी तर अरब आणि तुर्कांच्या वाटेने युरोपात आलेली. गटे, गोगोल, अँडरसन अशी परदेशी नावे या काफेशी जोडली जातात. १९५३ साली इटलीच्या शासनाने त्याला सांस्कृतिक महत्त्वाची वास्तू म्हणून संरक्षण दिले.

म्हणजे १९८६ साली ज्या चौकाचे ‘रोमनपण’ धोक्यात आले असे लोक म्हणत होते, तो स्पॅनिश नावाचा, फ्रेंच पैशाचा, इंग्रज कवीचा आणि ग्रीक कॉफीवाल्याचा चौक होता. या साऱ्यांना रोमने आपले म्हटले. तेव्हा परकेपणाचा मुद्दा इथेच गळून पडतो. गावाच्या मध्यावर जे जे ‘स्थानिक’ म्हणून मिरवते, ते बहुतेक कधीतरी बाहेरून आलेलेच असते.

मराठी वाचकाला हे पटवून देण्यासाठी रोमपर्यंत जाण्याची खरे तर गरज नाही. मुंबई-पुण्याचे ‘स्थानिक वैशिष्ट्य’ म्हणून ज्या इराणी हॉटेलांसाठी आपण हळहळतो, ती कोणाची होती? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणमधून आलेल्या लोकांची. त्यांत जरथुष्ट्री बहुसंख्य होते. आधीच स्थिरावलेल्या पारशांच्या तुलनेत हे गरीब, नवखे. चौकाच्या कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, कोपऱ्यावर दोन्ही रस्त्यांना दारे ठेवता येतात आणि दोन्हीकडचे गिऱ्हाईक मिळते हे इराण्यांनी बरोबर ओळखले. धोबीतलावजवळचे कयानी १९०४ सालचे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ सालचे, पुण्याच्या डेक्कन भागातले गुडलक १९३५ सालचे. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या युरोपीय घडणीच्या, पाव पोर्तुगिजांच्या वाटेने आलेला, चहा इंग्रजांनी रुळवलेला, मालक इराणी, आणि गिऱ्हाईक गिरणीतल्या कामगारापासून हायकोर्टातल्या वकिलापर्यंत कोणीही. यातून जे तयार झाले त्याला आपण आज अस्सल मुंबईचे म्हणतो, आणि ते बरोबरच आहे.

त्या काळी खाण्याच्या जागांवर जातीची पाटी असे हे विसरून चालणार नाही. ब्राह्मणांसाठी वेगळे उपाहारगृह, खानावळी जातवार आणि गाववार. इराण्याच्या दारात कोणी जात विचारत नव्हते. ज्याच्या खिशात एका चहाचे पैसे होते त्याला खुर्ची मिळत होती. शहराच्या ऐन मध्यात, कोणालाही, थोड्या पैशांत, थोडा वेळ बसता येणे ही मुंबईला इराण्यांची खरी देणगी. बन-मस्का त्याच्या मागून येतो.

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला या बसण्याचे मोल वेगळे सांगायला नको. अरुण कोलटकर काळा घोडा परिसरातल्या ‘वेसाइड इन’ या जुन्या वळणाच्या उपाहारगृहात वर्षानुवर्षे बसत आणि खिडकीतून समोरचा तिकोनी चौक पाहत. तिथली माणसे, कुत्री, कचरा वेचणाऱ्या बाया, सकाळची न्याहारी हे सगळे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काळा घोडा पोएम्स’ या इंग्रजी संग्रहात आले. ते उपाहारगृह बंद झाल्यावर मित्रांची बैठक फोर्टमधल्या मिलिटरी काफेत हलली. एक खुर्ची, एक खिडकी आणि घाई न करणारा वेटर एवढ्या सामग्रीवर भारतीय कवितेतला एक महत्त्वाचा ग्रंथ उभा आहे. त्या खुर्चीचे भाडे कोण भरत होते, हा प्रश्न साहित्याच्या इतिहासात आपण क्वचितच विचारतो.

इथे स्मरणरंजनाचा मोह आवरायला हवा. इराणी हॉटेलांतल्या सूचनांच्या पाट्या प्रसिद्ध आहेत, आणि निसीम इझिकेल यांनी त्या पाट्यांवरच एक इंग्रजी कविता केली. या पाट्या आतिथ्याचे नमुने नव्हेत. केस विंचरू नका, उगाच गप्पा मारत बसू नका असाच त्यांचा सूर असे. म्हणजे इराणीही टेबल लवकर रिकामे व्हावे म्हणून धडपडत होता. त्याला धंदा करायचा होता. फरक इतकाच की पाटी लावूनही लोक बसत, आणि गल्ल्यावर बसलेला मालक कोणाला उठवायचे आणि कोणाकडे काणाडोळा करायचा हे स्वतः ठरवत असे. पाटी सगळ्यांसाठी सारखी होती, अंमलबजावणी मात्र माणूस पाहून होत होती. गावाचा स्वभाव या फटीत राहतो असे मला वाटते.

आता खरा प्रश्न समोर येतो. जर ग्रीक कॉफीवाला रोमन झाला आणि इराणी चहावाला मुंबईकर झाला, तर बर्गरची साखळीही शंभर वर्षांनी तशीच आपली होईल की! मग आजचा विरोध म्हणजे निव्वळ अधीरपणा ठरतो. या युक्तिवादात तथ्य आहे आणि त्याला सहजासहजी उडवून लावता येणार नाही. १९९६ साली मॅकडोनल्ड्स भारतात आले तेव्हा गोमांस आणि डुकराचे मांस वगळूनच आले, आणि बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर विकू लागले. म्हणजे कंपनी स्थानिक जिभेपुढे झुकते. जेम्स वॉटसन यांनी संपादित केलेल्या ‘गोल्डन आर्चेस ईस्ट’ (१९९७) या ग्रंथात मानववंशशास्त्रज्ञांनी बीजिंग, हाँगकाँग, तैपेई, सोल आणि जपान इथल्या शाखांचा अभ्यास केला आहे. अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांनी या शाखांचे अभ्यासाचे अड्डे करून टाकले होते. झटपट खाऊन निघून जावे म्हणून बनवलेली जागा लोकांनी बसण्याची करून घेतली. गिऱ्हाईकही जागा बदलतो, फक्त जागाच गिऱ्हाइकाला बदलते असे नाही.

हा मुद्दा मला पुस्तकातून कळण्याआधी वर्गात कळला होता. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात कोलटकरांवर बोलताना मी जुन्या हॉटेलांविषयी फार हळवे काही बोलून गेलो. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, तुमच्या त्या हॉटेलात आम्हाला एकटीने बसता आलं असतं का?” वर्ग हसला, मी हसू शकलो नाही. इराण्याकडे ‘फॅमिली रूम’ असे, ती पडद्याआड. गावच्या एस.टी. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर तर आजही तिला उभे राहताना दहा नजरा चुकवाव्या लागतात. तिच्या दृष्टीने तालुक्याच्या गावी आलेले काचेच्या दारांचे साखळी उपाहारगृह ही पहिली जागा, जिथे ती मैत्रिणीबरोबर दोन तास निर्धास्त बसू शकली. कोलटकरांच्या खुर्चीची आठवण काढताना ही दुसरी खुर्ची नाकारणे हा अप्रामाणिकपणा होईल.

तरीही साखळी आणि इराणी यांत एक भेद उरतोच, आणि तो वयाचा नाही. इराणी हॉटेलांचेही एकमेकांशी साम्य होते, पण ते भावंडांमधले साम्य. प्रत्येकाचा मालक वेगळा, भट्टी वेगळी, उधारीची वही वेगळी. साखळीत एकसारखेपणा हाच विकण्याचा माल असतो. पुण्याच्या शाखेतली चव नागपूरच्या शाखेत मिळाली नाही तर ती चूक ठरते. त्यामुळे शाखेतल्या व्यवस्थापकाला, तो कितीही सज्जन असला तरी, गावाप्रमाणे बदलण्याचा अधिकारच नसतो. बटाट्याची टिक्की आणायची हे मुख्यालयात ठरते. पावसात भिजून आलेल्या म्हाताऱ्याला फुकट चहा द्यायचा की नाही, हे ठरवायला समोर कोणी नसतो. काफे ग्रेको रोमन झाले कारण त्याला बदलता येत होते. साखळीला बदलू न देण्यावरच तिचा धंदा उभा आहे.

हा भेद परक्या-आपल्याचा नाही हेही लक्षात घ्यावे. वडापाव हे मुंबईचेच फास्ट फूड. बटाटा अमेरिका खंडातला, पाव पोर्तुगिजांचा, आणि १९६० च्या दशकात दादर स्टेशनाबाहेर जन्मलेला पदार्थ अस्सल मराठी. त्याचीही २००१ पासून साखळी निघाली. तीच चव, तोच गणवेश, तीच पाटी. मालक आपला असला म्हणून साखळीचा गुणधर्म बदलत नाही.

कायद्याच्या भाषेत हा भेद सॅन फ्रान्सिस्को शहराने सर्वांत स्पष्ट मांडला. २००४ साली त्या शहराने साचेबंद दुकानांसाठी नियम केला. मालक कोण, पदार्थ कुठला, कंपनी कोणत्या देशाची, यांपैकी काहीही न विचारता नियम एवढेच पाहतो की अकरा किंवा त्याहून अधिक ठिकाणी हेच नाव, हीच सजावट, हाच गणवेश आहे का. असेल तर अनेक वस्त्यांत शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय परवानगी नाही, आणि काही वस्त्यांत मुळीच नाही. नॉर्थ बीच ही त्यांतली एक. ही वस्ती इटालियन स्थलांतरितांची. सिटी लाइट्स हे पुस्तकांचे प्रसिद्ध दुकान आणि १९५६ सालचे काफे त्रिएस्ते तिथलेच. एका इटालियन वसाहतीने आपले गावपण रोमपेक्षा अधिक नीट राखले, कारण त्यांनी चवीवर वाद न घालता साच्यावर बोट ठेवले.

रोमने, किंबहुना इटलीने, वेगळा मार्ग धरला आणि त्याचे फळ विचित्र निघाले. मिलानमधल्या गॅलेरिया व्हित्तोरिओ एमानुएले या काचेच्या छताच्या भव्य बाजाराचे उदाहरण घ्या. १८६० आणि ७० च्या दशकांत बांधलेली ही वास्तू नगरपालिकेच्या मालकीची. तिथे नियम असा की प्रत्येक दुकानाची पाटी काळ्यावर सोनेरी अक्षरांचीच हवी. मॅकडोनल्ड्सने तो पाळला आणि सुमारे वीस वर्षे तिथे धंदा केला. २०१२ साली नगरपालिकेने भाडेकरार पुढे चालू ठेवला नाही. १६ ऑक्टोबर २०१२ हा शेवटचा दिवस. त्या दिवशी कंपनीने फुकट खाणे वाटले आणि हजारो मिलानवासी रांगेत उभे राहिले. कंपनीने दावा ठोकला, पुढे तो तडजोडीने मिटला. जागा कोणाला मिळाली? जुन्या खानावळीला नाही, पुस्तकाच्या दुकानालाही नाही. ती प्रादा या महागड्या फॅशनच्या कंपनीला मिळाली, जिचे एक दुकान तिथे आधीपासूनच होते.

प्रादा मिलानची. म्हणजे ‘स्थानिक’ या शब्दाच्या कोणत्याही कसोटीला ती उतरते. पण शहराच्या मध्यभागातल्या त्या कोपऱ्यावर आदल्या दिवशीपर्यंत शाळकरी पोर चार युरोत खुर्ची मिळवू शकत होते, आणि दुसऱ्या दिवसापासून ते शक्य राहिले नाही. बर्गर गेला आणि त्याबरोबर खुर्चीही गेली. तोंडवळा अधिक देखणा झाला, स्वभाव मात्र आणखी कोता झाला. १९८६ साली व्हालेंतिनोंना खुपलेला तळणाचा वास आता निराळा कळतो. तो वास गर्दीचाही होता.

योगायोग असा की त्याच आठवड्यात, १९ ऑक्टोबर २०१२ रोजी, स्टारबक्सने टाटा समूहाच्या भागीदारीत भारतातले आपले पहिले दुकान मुंबईत उघडले. जागा हॉर्निमन सर्कलची एल्फिन्स्टन इमारत, म्हणजे जुन्या फोर्टचे काळीज. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंसाठी नियमावली आहे. भारतात या बाबतीत मुंबई पहिली. पण ती नियमावली दगडाचे रक्षण करते: कमान, छज्जा, खिडकीची चौकट. कमानीखाली दहा रुपयांचा चहा मिळेल की अडीचशे रुपयांची कॉफी, याच्याशी तिचा संबंध नाही. गावाचा तोंडवळा राखण्याचे कायदे आपल्याकडे आहेत. गावाचा स्वभाव राखला तो मात्र एका अगदी रुक्ष कायद्याने, आणि तोही नकळत.

तो म्हणजे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. युद्धकाळातल्या टंचाईतून आलेल्या या कायद्याने १९४० च्या सुमाराच्या भाड्यांना आधार मानून जुनी भाडी जवळजवळ गोठवली. शहराच्या ऐन मध्यातल्या कोपऱ्यावर प्रशस्त जागा घेऊन स्वस्त चहा विकणे पुढची पन्नास वर्षे परवडले, त्याचे मोठे कारण हे. इराण्याचा दिलदारपणा खरा होता, पण त्या दिलदारपणाखाली गोठवलेले भाडे होते. याची किंमतही कोणीतरी दिली. घरमालकाला दुरुस्तीपुरतेही भाडे मिळेना, इमारती खचू लागल्या, पागडीचा व्यवहार फोफावला. आपल्या चहाच्या कपात घरमालकाचा तोटा मिसळलेला होता हे कबूल करायला हवे.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने एक कलम असे घातले की बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेल्या भागभांडवलाच्या कंपन्या यांना या संरक्षणाचा लाभ मिळणार नाही. म्हणजे लहान भाडेकरू आणि मोठा भाडेकरू यांत कायद्यानेच भेद केला. साखळी आणि इराणी यांतला फरक ज्या शासनाला पाटी आणि चव पाहून सांगता आला नसता, तो त्याने भांडवल मोजून सांगितला. मात्र जुन्या भाडेकरूने जागा सोडली की ती बाजारभावाने जाते, आणि बाजारभाव देण्याची ऐपत बहुधा त्याच मोठ्या भाडेकरूंची असते. इराण्याची पुढची पिढी शिकून परदेशी जाते, गल्ल्यावर बसायला कोणी उरत नाही, आणि जागेची किंमत धंद्याच्या पंचवीस वर्षांच्या नफ्याहून जास्त होते. तेव्हा शटर खाली येते. त्याला बर्गरने मारले असे आपण म्हणतो, कारण बर्गर दिसतो. भाडे दिसत नाही.

रोममध्येही शेवटी हेच घडले. बर्गरच्या शेजारी काफे ग्रेकोने तीस वर्षे काढली. २०१७ साली भाडेकरार संपला, जागेच्या मालक संस्थेने अनेक पटींनी अधिक भाडे मागितले, आणि प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयांत राहिले. १९५३ च्या संरक्षणाने भिंतींवरची चित्रे आणि मेज सुरक्षित होते. भाडे सुरक्षित नव्हते. १९८६ साली पास्ता वाटणाऱ्यांपैकी कोणालाही त्या दिवशी या बाजूला पाहण्याचे सुचले नसावे, आणि त्यांना दोषही देता येत नाही. वास येतो तिकडे माणूस पाहतो.

फ्लॉरेन्सचे प्रकरण या गोंधळाचा कळस मानावे लागेल. तिथे जुन्या शहरातल्या खाण्याच्या दुकानांनी मुख्यत्वे स्थानिक माल वापरावा असा नियम झाला. २०१६ साली मॅकडोनल्ड्सने थेट दुओमो या कॅथीड्रलच्या चौकात परवानगी मागितली, आणि स्थानिक माल वापरण्याची व टेबलावर वाढण्याचीही तयारी दाखवली. महापौर दारिओ नार्देल्ला यांच्या प्रशासनाने तरीही नकार दिला. कंपनीने सुमारे १.८ कोटी युरोंच्या भरपाईचा दावा लावला. प्रश्न असा पडतो की, माल स्थानिक आणि वाढणी संथ झाल्यावर हरकत उरली कशाला? हरकत उरली होती हे खरे, आणि ती रास्तही होती. फक्त ती मांडायला नगरपालिकेकडे शब्द नव्हते, कारण तिने सगळा नियम ताटातल्या पदार्थावर बेतला होता. दक्षिणेतल्या आल्तामूरा या पावासाठी प्रसिद्ध गावात तर नियमाची गरजच पडली नाही. २००१ साली आलेली शाखा शेजारच्या फोकाच्चाच्या बेकरीपुढे टिकली नाही आणि पुढल्या वर्षी बंद झाली. पण आल्तामूरात जागेला मिलानचा भाव नाही. जिथे भाडे माफक असते तिथे चव जिंकू शकते. चवीच्या विजयाची ती अट आहे.

पॅरिस नगरपालिकेने हे ओळखले. २००४ पासून तिथे नगरपालिकेशी संलग्न संस्थेने काही वस्त्यांत मोक्याचे गाळे विकत घेऊन ते पुस्तकविक्रेते, कारागीर, लहान दुकानदार यांना परवडणाऱ्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. बंदी कोणावरही घातली नाही, फक्त काही खुर्च्या बाजाराच्या लिलावातून बाहेर काढल्या. आपल्या नगरपालिकांच्या मालकीचेही गाळे असतात, मंडईत, एस.टी. स्टँडसमोर, वाचनालयाच्या तळमजल्यावर. ते कोणाला आणि कोणत्या अटींवर जातात याकडे आपण सुशिक्षित लोक ढुंकूनही पाहत नाही. काचेच्या दारांचे उपाहारगृह आले की मात्र संस्कृतीच्या नावाने लेख लिहितो. या आरोपातून मी स्वतःला वगळत नाही.

तेव्हा साखळी उपाहारगृहांना गावाच्या मध्यात स्थान असावे का? माझे उत्तर असे की असावे, पण त्यांचेच नसावे. माझ्या विद्यार्थिनीची खुर्ची राहिली पाहिजे आणि कोलटकरांचीही. पहिली बाजार आपण होऊन देतो. दुसरीसाठी गावाला काही करावे लागते: भाड्याचा विचार, साच्यावर मर्यादा, सार्वजनिक गाळ्यांचे शहाणे वाटप. जिथे हे होत नाही तिथे बर्गरवर बंदी घालूनही गाव वाचत नाही. मिलानसारखे ते फक्त महाग होते.

शेवटी एक वैयक्तिक गोष्ट. एम.ए. करत असताना पुण्याच्या लष्कर भागातल्या एका कोपऱ्यावरच्या इराण्याकडे आम्ही चौघे मित्र बसत असू. चौघांत दोन चहा, कधी एक खारी. गल्ल्यावरचे म्हातारे शेठ तासाभराने चष्म्यावरून आमच्याकडे पाहत, आणि आम्ही पुस्तके आवरायला लागलो की हाताने ‘बसा’ अशी खूण करत. पाटीवर नेमके उलट लिहिलेले होते. ते हॉटेल आता नाही. मी कितीतरी वर्षे मित्रांना सांगत आलो की साखळ्यांनी ते गिळले. मध्यंतरी मुद्दाम त्या बाजूने गेलो, तर तिथे बर्गरही नव्हता आणि कॉफीही नव्हती. मोबाइल फोनचे झगमगीत दुकान होते, आणि आत बसायला एकही खुर्ची नव्हती. कमान मात्र जशीच्या तशी होती, नुकतीच रंगवलेली.